कान एक, आवाज तीन
(इयत्ता चौथी)



या वेळी बाईंनी "आमच्या घरातील एक यंत्र" हा विषय दिला. कुणी मिक्सर घेतला, कुणी पाण्याची मोटार घेतली, दोघांनी तर मोटरसायकलच घेतली. मी हेडफोन घेतला. तोही माझा नव्हे, आमच्या आबांचा. वर्गातली मुले हसली. हेडफोन म्हणजे गाणी ऐकत मान हलवायची वस्तू, असे त्यांना वाटते. पण आमच्या घरी त्या हेडफोनवरून मोठे रामायण झाले. ते आधी सांगतो, मग माहिती सांगतो.

आमचे घर मळवली स्टेशनापासून चालत पाऊण तासावर, ओढ्याच्या अलीकडे आहे. आमची दोन भातखाचरे मात्र ओढ्याच्या पलीकडे आहेत. मध्ये एक साकव आहे. बाबा लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला आहेत, ते लोकलने जातात-येतात. आबांना ऐकू कमी येते. सकाळ-संध्याकाळ रेडिओवरच्या बातम्या, हवामान आणि शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकल्याशिवाय त्यांना करमत नाही. पूर्वी ते रेडिओ एवढा मोठा करायचे की रस्त्यावरून जाणारी माणसे आमच्या बातम्या ऐकत जायची. ताईची दहावी, तिचा अभ्यास होईना. म्हणून मामाने पुण्याहून हेडफोन आणला. त्याची वायर रेडिओत खोचली, की आबांना स्वच्छ ऐकू येते आणि घर शांत. सगळे खूश झाले.

गेल्या आवणीच्या वेळची गोष्ट. आई पलीकडच्या खाचरात लावणीला गेली होती. मी शाळेत, ताई क्लासला. घरी आबा एकटे, कानाला हेडफोन. दुपारी लोणावळ्यात धो धो पाऊस सुरू झाला. आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे, वर घाटमाथ्यावर असा पडला की थोड्या वेळाने खाली ओढे फुगतात. बाबांनी घरी फोन केला. निरोप एवढाच होता, कुणाला तरी पाठवा आणि तिला साकवावरून येऊ देऊ नका. मोबाईल खिडकीत ठेवलेला असतो, कारण आमच्या घरात तेवढ्याच जागी नेटवर्क येते. फोन वाजला. परत वाजला. सात वेळा वाजला. आबा रेडिओ ऐकत होते.

आई साकवावर आली तेव्हा पाणी वरून वाहत होते, तिच्या गुडघ्याला लागत होते. शेजारच्या काकींनी अलीकडून हात दिला म्हणून ती आली. आई म्हणते, "काही नाही झालं, उगीच वाढवून लिहू नकोस." पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत, हे मी पाहिले आहे.

आबांना कुणी काही बोलले नाही. त्यांनीच हेडफोन पेटीत ठेवून दिला आणि म्हणाले, "नगं मला ते कानातलं." मग चार दिवस त्यांनी रेडिओही लावला नाही. ओट्यावर नुसते बसून राहायचे. मला ते बघवेना. मी ठरवले, रेडिओ आणि फोन दोन्ही एकाच हेडफोनात आणायचे.

आता माहिती.

हेडफोनच्या आत प्रत्येक कानाकडे एक लोहचुंबक, एक बारीक तारेचे वेटोळे आणि एक पातळ पडदा असतो. रेडिओतून वीज खालीवर होत येते, वेटोळे मागेपुढे हलते, त्याबरोबर पडदा हलतो आणि हवा हलते. तोच आवाज. म्हणजे लहानसा लाउडस्पीकरच, पण कानाजवळ असल्याने थोडी वीज पुरते.

वायरच्या टोकाला जी चकचकीत पिन असते तिच्यावर काळ्या रेघा असतात. त्या शोभेच्या नाहीत. रेघांनी पिनेचे भाग पडतात. टोक म्हणजे डावा कान, मधले कडे म्हणजे उजवा कान, आणि मागचा भाग दोघांची परतीची वाट. रेघा तीन असल्या तर चौथा भाग माइकसाठी असतो. ही पिन साडेतीन मिलिमीटर जाडीची असते. आपल्या भजनी मंडळाच्या अॅम्प्लिफायरला जी जाड पिन लागते ती सव्वासहा मिलिमीटरहून थोडी जास्त, म्हणजे पाव इंच. ही जाड पिन टेलिफोनच्या जुन्या बोर्डावरून आली आहे. ते मला कसे कळले ते पुढे येईल.

मी प्रथम जे केले ते चुकले. तेही लिहितो, म्हणजे तुम्ही करणार नाही.

बाजारात एक दुतोंडी वायर मिळते. एका बाजूला एक पिन, दुसऱ्या बाजूला दोन भोके. ती एका मोबाईलवर दोघांनी दोन हेडफोन लावून ऐकण्यासाठी असते. (१९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने पहिला वॉकमन काढला, त्यालाही दोघांसाठी दोन भोके होती.) मला वाटले, एकाचे दोन होतात तर उलटे दोनाचे एकही होईल. मी खाऊचे पैसे घालून दुतोंडी वायर आणि जोडायच्या दोन तुकड्या आणल्या. एक तोंड रेडिओला, एक ताईच्या जुन्या मोबाईलला, आणि हेडफोन मध्ये. रेडिओ लावला. आवाज अगदी खोल गेला, विहिरीतून बोलल्यासारखा, आणि फाटका येऊ लागला. आबा म्हणाले, "आता तर काहीच न्हाई ऐकू येत." मी घाबरून सगळे उपसून काढले.

कामशेतला रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. बाबांबरोबर मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी मला विचारले, "तुमच्या खाचराला मोटार आहे का? समज, दोन मोटारी एकाच पाइपाला जोडल्या. एक चालू, एक बंद. मध्ये झडप नाही. पाणी कुठं जाईल?" मी म्हणालो, थोडे खाचरात जाईल आणि बरेचसे बंद मोटारीतून उलटे विहिरीत जाईल. काका म्हणाले, "हेच झालं." रेडिओची वीज हेडफोनात जायच्या ऐवजी मोबाईलमध्ये उलटी शिरू पाहते, मोबाईलची रेडिओत. आवाज तर बसतोच, पण त्यातला बारीक भाग तापून जळूही शकतो. माझे नशीब, रेडिओ वाचला.

मग दोन आवाज एका हेडफोनात आणायचेच असतील तर काय करतात? काकांनी तीन वाटा सांगितल्या.

पहिली, प्रत्येक वायरीत रोध घालायचा. रोध म्हणजे विजेला अडवणारा छोटा दाणा, त्याच्यावर रंगीत पट्टे असतात. त्याने एकाची वीज दुसऱ्यात उलटी फारशी शिरत नाही. पण आवाजही पडतो, आणि आबांना आधीच कमी ऐकू येते. ही वाट बाद.

दुसरी, मिक्सर. वाटणाचा नव्हे, आवाजाचा. आपल्या गावच्या सप्ताहात तुम्ही पाहिला असेल. बुवांचा माइक वेगळा, पखवाजाचा वेगळा, टाळकऱ्यांचा वेगळा, सगळे त्या पेटीत जातात. प्रत्येकाला वेगळी कळ असते, आणि बाहेर एकच आवाज निघतो. त्याला हेडफोनही जोडता येतो. पण त्याला वीज लागते. पावसात आमच्याकडे वीज किती वेळ असते ते लिहायला नकोच.

तिसरी वाट सगळ्यांत स्वस्त, ती म्हणजे खटका. एका बाजूला रेडिओ, एका बाजूला टीव्ही, एका बाजूला फोन, आणि मधला खटका फिरवला की हेडफोन हव्या त्याला जोडला जातो. एका वेळी एकच जोडलेला, म्हणून उलटे शिरायची भीती नाही. ज्याला रेडिओ झाल्यावर टीव्ही ऐकायचा आहे त्याने हाच घ्यावा. मला तो फार आवडला होता. पण घरी येताना लोकलमध्ये बाबा म्हणाले, "खटका रेडिओकडे असताना फोन वाजला, तर आबांना कसं कळणार?" माझे तोंडच बंद झाले. खटका फिरवायला आधी कळले तर पाहिजे ना!

हे मी मावशीआजींना सांगितले. त्या ताईच्या मैत्रिणीच्या आजी. पूर्वी त्या पुण्याला टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अरे, मी जन्मभर हेच केलं. डोक्यावर एक हेडफोन आणि पुढ्यात शंभर फोन!"

त्यांनी जे सांगितले ते मला फार आवडले, म्हणून सविस्तर लिहितो. पूर्वी आपण नंबर लावला की फोन थेट लागत नसे. आधी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे. ती समोरच्या मोठ्या लाकडी बोर्डावर वायर खोचून दोन माणसांना जोडत असे. असे पहिले धंद्याचे एक्स्चेंज १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन गावी निघाले, आणि चारच वर्षांनी, १८८२ साली, आपल्या मुंबईतही निघाले. परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट बघायची. भारतात ऑपरेटरशिवाय परगावी थेट फोन, म्हणजे एसटीडी, प्रथम १९६० साली कानपूर आणि लखनौच्या मध्ये सुरू झाला.

बोर्डावर प्रत्येक फोनचे एक भोक. त्यात खोचायची पिन म्हणजे तीच पाव इंची जाड पिन! आमच्या भजनी मंडळाच्या वायरीला ती आहे हे ऐकून मावशीआजींनी कपाळावर हात मारला. "अजून आहे होय!" म्हणाल्या.

मी विचारले, "आजी, मग शंभर जण एकदम तुमच्या कानात बोलायचे का?" त्या म्हणाल्या, "एकदम बोलले तर कान फुटेल की. टेबलावर किल्ल्या असायच्या. ज्याची किल्ली ओढीन तोच माझ्या कानात." मी म्हणालो, "म्हणजे खटकाच." त्या म्हणाल्या, "खटका, पण त्याच्याबरोबर दिवा. कुणी फोन उचलला की त्याच्या भोकाजवळचा दिवा लागायचा. मी एकाशी बोलत असले तरी डोळ्याला दुसरा दिसायचा. तुझ्या आबांच्या खटक्याला दिवा नाही, एवढंच कमी आहे."

मित्रांनो, हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी इतके दिवस वायरी जोडायच्या मागे लागलो होतो. जोडणे सोपे आहे. कुणाचा आवाज आता कानात जाऊ द्यायचा, आणि मध्येच महत्त्वाचा आला तर पहिल्याला कसे थांबवायचे, हे ठरवणारे कुणीतरी लागते. पूर्वी ते काम मावशीआजी करत होत्या.

आता ते काम हेडफोनच्या आतला एक चिमुकला तुकडा करतो. मामाने आणलेला हेडफोन वायरीचा होता आणि ब्लूटूथचाही होता. आम्ही ब्लूटूथ कधी वापरलेच नव्हते. पेटीतला माहितीचा कागद ताईने वाचला. बारीक अक्षरात लिहिले होते की, हा हेडफोन एका वेळी दोन यंत्रांना जोडता येतो. सगळ्या हेडफोनांना हे जमत नाही. पुष्कळ हेडफोन अनेक यंत्रांची नावे लक्षात ठेवतात, पण जोडलेले राहतात एकालाच. म्हणून विकत घेताना "एका वेळी दोन" आहे का, हे विचारून घ्यावे.

ब्लूटूथ या शब्दाचा अर्थ निळा दात. हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क देशात हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याचे हे टोपणनाव. त्याने डेन्मार्कमधल्या लोकांना एका राज्यात जोडले, म्हणून यंत्रे जोडणाऱ्या युक्तीला त्याचे नाव दिले. वायरीशिवाय लहरींनी काम होते हे काही नवे नाही. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडची घंटा लहरींनी वाजवून दाखवली होती. ब्लूटूथच्या लहरी मात्र अशक्त असतात, साधारण दहा मीटरपर्यंत चांगल्या पोचतात. आमच्या दगडी भिंतीमुळे त्याहून कमी. आबा गोठ्यात गेले की आवाज तुटतो. मी पावले मोजली, खिडकीपासून बावीस पावलांवर तुटतो.

आता अडचण अशी की फोनला ब्लूटूथ आहे, पण आबांचा रेडिओ जुना, त्याला नाही. फोनवरच रेडिओ ऐका, असे ताई म्हणाली. पण नेटवर्क खिडकीतच, तेही ढग आले की जाते. रेडिओचे तसे नाही, तो सेलवर चालतो आणि बोलतच राहतो. आणि हेडफोनची वायर रेडिओत खोचावी, तर आमच्या हेडफोनचे ब्लूटूथ आपोआप बंद होते. तेव्हा कामशेतच्या काकांनी आगपेटीपेक्षा लहान एक डबी दिली. तिला ट्रान्समीटर म्हणतात. तिची पिन रेडिओच्या भोकात खोचायची. ती रेडिओचा आवाज ब्लूटूथने पाठवते. घेताना ती पाठवणारीच आहे ना हे बघावे. तशाच दिसणाऱ्या काही डब्या फक्त आवाज घेणाऱ्या असतात.

जोडणी आम्ही अशी केली. आधी फोनचे ब्लूटूथ बंद ठेवले, नाहीतर तोच पुढे पुढे करतो. हेडफोनचे बटण दाबून धरले, तेव्हा तांबडा-निळा दिवा लुकलुकू लागला. डबीचेही बटण दाबून धरले. दोघांना जवळ ठेवले. थोड्या वेळाने दिवा स्थिर झाला आणि रेडिओ कानात आला. मग हेडफोनचे बटण पुन्हा तसेच दाबून धरले, फोनचे ब्लूटूथ लावले आणि यादीत हेडफोनचे नाव दिसले त्याच्यावर बोट ठेवले. फोन जोडला गेला, पण रेडिओ सुटला! मी रडवेला झालो. ताईने कागद परत वाचला. दोन्हीची ओळख झाल्यावर हेडफोन एकदा बंद करून पुन्हा चालू करायचा होता. केला. दोघेही जोडले गेले. काही हेडफोनांत ही दोघांची सोय आधी चालू करून घ्यावी लागते, असे काका म्हणाले.

दोघे जोडले म्हणजे दोघांचा आवाज एकत्र येतो असे नाही. रेडिओ चालू असताना फोन आला की रेडिओ गप्प होतो आणि कानात घंटी वाजते. बटण एकदा दाबले की बोलता येते, माइक हेडफोनातच आहे. फोन ठेवला की रेडिओ परत सुरू. मावशीआजींच्या किल्ल्या आणि दिवा, दोन्ही आले! पण फोनवर नुसते गाणे लावले तर रेडिओला हटवत नाही, आधी जो वाजतो तो वाजत राहतो. मान फक्त बोलावणाऱ्याला.

तिसरा आवाज टीव्हीचा. तो एकदम जोडता येत नाही, दोघांचीच जागा आहे. आजीची मालिका आबांना बघायची असेल (ते नाही म्हणतात, पण बघतात), तेव्हा डबी रेडिओतून काढून टीव्हीच्या भोकात खोचायची. फोन तसाच जोडलेला राहतो. टीव्हीवर एक गंमत होते. माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, कारण आवाजाला डबीतून निघून हेडफोनात उलगडायला थोडा वेळ लागतो. रेडिओला ओठच नाहीत, त्यामुळे तिथे कळत नाही.

बाईंनी दोन गोष्टी मुद्दाम लिहायला सांगितल्या आहेत. हेडफोन घालून रेल्वेचे रूळ किंवा रस्ता ओलांडू नये. आणि आवाज फार मोठा ठेवू नये. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आबांना ऐकू कमी येते त्यावर खरा उपाय हेडफोन नाही, कान तपासून घेणे हा आहे. ते दिवाळीनंतर जायला तयार झाले आहेत.

पहिली परीक्षा बाबांनी घेतली. लोणावळा स्टेशनवरून लोकल सुटायच्या आधी त्यांनी फोन लावला. आबा चुलीपाशी बसून हवामान ऐकत होते, मोबाईल खिडकीत होता. आम्ही सगळे आबांकडे बघत होतो. आबांनी एकदम मान वर केली आणि म्हणाले, "अरे, बातम्या का थांबल्या?" मग बटण चाचपले, आणि एवढ्या मोठ्याने "हॅलो" म्हणाले की मांजर पळाले. बाबांनी विचारले, "आबा, पाऊस आहे का तिकडं?" आबा म्हणाले, "आहे. पण तुझी बायको घरात हाय."

आता एकच काम वाढले आहे. हेडफोन आणि डबी दोन्ही रोज रात्री चार्जिंगला लावावी लागतात. वीज गेली तर लोणावळ्याला दुकानात बाबा लावून आणतात. कुणी विसरू नये म्हणून ताईने खिडकीशेजारी वार लिहून ठेवले आहेत. सोमवार-मंगळवार ताई, बुधवार-गुरुवार मी, बाकीचे दिवस आई. आज बुधवार आहे.